अण्णांनी निवडलेली बाबागाडी

बाबागाडी घ्यायले गेलं की माणूस बाळाले बसवून पाहतो ना? आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाळाकडे पाहिलंच नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांचं फिरणं बंद होतं. डॉक्टरनं काठी सांगितली, वॉकर सांगितलं. यांचं एकच, "लोकं मले म्हातारा म्हणतीन." पण दुकानात मात्र एकेका गाडीचं हँडल धरून चकरा मारून राहिले होते. शेवटी एका तीन चाकीवर सगळा भार देऊन पाहिला आणि म्हणाले, "हीच घे. हँडल उंच हाये."

"अण्णा, ओवीले हँडलचं काय करायचं हाये?"

"तुले काय समजते बे?"

घेतली. दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी नातीले घेऊन बाहेर. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग पार बगिच्यापर्यंत. मले वाटे, आजोबाले नातीचं काय वेड हाये!

मागच्या आठवड्यात बायको ओवीले घेऊन माहेरी गेली, पारशिवनीले. संध्याकाळी मी ऑफिसातून बाइकवर येऊन राहिलो होतो, तर समोरून अण्णा, तीच गाडी ढकलत. वरचं छत पूर्ण खाली ओढलेलं. शेजारच्या काकूंनी रस्त्यातच थांबवलं, "काय म्हणते अण्णा, आमची ओवी?"

अण्णांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपली हाये."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी बाइक बंद केली, आणि आवाज न करता, हातानं ढकलत, त्यांच्या बाजूबाजूनं घरापर्यंत आलो.