भीतीचे सात सिनेमे

नाही, तिथं नको बसूस, तिथून मला तुझा चेहरा दिसत नाही — ह्या खुर्चीत ये, उजेडात. बूट झटकलेस ना? ऊस पेटवलाय पलीकडं, सकाळपासून राख उडतेय, दोनदा व्हरांडा पुसून झाला. हं, तर दारात काय म्हणत होतास — कमिटीनं पाठवलंय. कमिटीनं म्हणजे कुणी? ... थेल्मानं. मग थेल्मा म्हण ना सरळ. ती एकटीच कमिटी आहे, बाकीचे चहा प्यायला येतात. आणि फोन नाही, निरोप नाही, मंगळवारी दुपारी माणूस दारात उभा — का, तर ‘यादीबद्दल जरा बोलायचंय’. यादी मी तीन आठवड्यांपूर्वीच पोस्टानं पाठवली की. सात दशकं, सात भीतीचे सिनेमे, तीसपासून नव्वदपर्यंत, दर दशकाला माझ्या आवडीचा एक. अक्षर लागलं नाही असं तर होणार नाही, माझं अक्षर सगळ्या गावाला ठाऊक आहे, चाळीस वर्षं थिएटरच्या फळ्यावर तेच होतं. मग आता बोलायचं काय उरलं? ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसानं. स्कोन घे. भोपळ्याचा आहे. ... नको? बरं. घरात येऊन काही खात नाही असा माणूस बघितला की मला विचार पडतो, एवढंच.

मिसेस नाही, मिस. मिस पॅस्को. लग्न सिनेमाच्या मशीनशीच झालं म्हण. तू गावातला नाहीस, म्हणून सांगते — थेल्माला ती पाटी खुपतेय. शनिवारी थिएटर पुन्हा उघडणार, पत्रा नवा, खुर्च्या नव्या, सात दिवस सात सिनेमे, आणि मशीनच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी, माझ्या नावाची. पहिली बाई ऑपरेटर, एक्केचाळीस वर्षं. कमिटीत ठरलंय ते, हात वर करून ठरलंय. थेल्माचा हातही वर होता, पण कोपरातून वाकलेला — मी मुद्दाम बघितलं. तिला तिच्या सासऱ्याचं नाव हवंय. म्हाताऱ्या ग्रीव्हचं. थिएटर त्याचं होतं, हे खरं, पण त्या खोलीची शिडी तो उभ्या आयुष्यात चार वेळा चढला असेल. उन्हाळ्यात पत्र्याखाली, मशीनमधल्या आर्क दिव्याच्या बाजूला उभं राहून बघायचं होतं त्यानं, कातडी कशी सोलून निघते ते. मला दुसरं काही नको. घर नको, पेन्शन वाढवून नको. एक पाटी हवीय. मी मेल्यावर कुणी तरी त्या दारापाशी थांबून वाचेल, डल्सी पॅस्को, एवढं बास. ती पाटी काढायला कारण शोधायचं, आणि ते शोधायला तू आलास — नाही? बरं, नाही तर नाही. चेहऱ्यावरून तर कळत नाही.

वाच तूच. वाच ना, वही आणलीयस ती कशाला? ... हां. तीसचा, दीपगृहवाल्याचा. माणूस रोज पायऱ्या मोजत वर जातो आणि एका रात्री एक पायरी जास्त भरते, बस, एवढंच भूत त्यात. हे पहिले तीन मी कामाला लागायच्या आधीचे, पण जुने सिनेमे आमच्याकडं पुढंही बुधवारी लागायचे. चाळीसचा, आंधळा पियानोवाला. पन्नासचा, तो चालणाऱ्या शेताचा — शहरात लोक हसले म्हणे त्याला, पण आमची माणसं ऊसवाली. रात्री पीक जागेवरून हलतं हे बघितल्यावर आठवडाभर एकाही बाप्यानं उसात पाऊल टाकलं नाही, कारखान्याचा भोंगा वाजून वाजून थकला. निवड कशी केली म्हणतोस? खुर्च्यांवरून. आमच्या खुर्च्या कापडी, ठाऊक आहे ना — लांब नळीला कापड ताणलेलं, एका रांगेला एकच नळी. एक दचकला की दहा हलतात. आणि खेळ संपल्यावर मी हातात सुई घेऊन खाली जायची, किती कापडं फाटली ते बघायला. पियानोवाल्यानं तीन फाडली, शेतानं सात. पेपरात काय छापून यायचं ते आम्ही चूल पेटवायला वापरायचो. आणि खरं सांगू का, मशीनवाला सिनेमा बघतच नाही. कोपरा बघतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो, रीळ संपत आलं म्हणून — तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. वीस मिनिटांनी एक रीळ, एक ठिपका. बाई किंचाळतेय की नाचतेय, आपल्याला काय त्याचं. माझ्या आवडीचे सात सिनेमे म्हणजे सात कोपरे आहेत म्हण.

साठचा नर्सचा, हो, रिकाम्या खाटेवरची घंटा. पुढं ऐंशीचा घे, ऐंशीत रबरी मुखवटे घालून पोरं कापण्यापलीकडं कुणाला काही सुचत नव्हतं, त्यातल्या त्यात तो लिफ्टचा — काय? सत्तरचा राहिला? राहिला नाही, लिहिलाय मी. टाकीचा. पावसाच्या पाण्याची टाकी, मळ्यावरचं घर, नवरा-बायको. ... गोष्ट लिहिलीय ना खाली दोन ओळींत. बायकोला पुरतात, नवऱ्यानंच तिला मारलंय हे कळतं, तो एकटा घरात फिरतो, आणि मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात चहा करत उभी असते. अंगावर रोजचाच झगा. तो टेबलाशी बसतो, ती कप ठेवते, कुणी काही बोलत नाही. आणि तो तिला पुन्हा मारतो. त्यासारखी भीती मी दुसरी पाहिली नाही. एक कापड फाटलं नाही त्या रात्री, कारण कुणी हललंच नाही. तीनशे माणसं आणि पत्र्यावरून घोरपड चालली तर तिची नखं ऐकू यावीत. ... पुन्हा सांगू? का? एकदा ऐकलंस की. कुठल्या रिळात येते म्हणजे? हे बघ, सिनेमा बघायला आलेला माणूस रिळं विचारत नाही. रीळ विचारणारा माणूस एक तर मशीनवाला असतो, नाही तर मशीनवाल्याच्या घरचा.

जरा मान वळव. डावीकडं. ... असू दे, असंच बघत होते. आणि डाव्या हातानं लिहितोस. तोही डावखुराच. कान तर सरळ त्याचेच, वर टोक आलेले. आता ध्यानात आलं. मी उगाच थेल्माला बोल लावत होते, ती बिचारी पाटीपुरती वाईट आहे. तुला नेव्हिलच्या माणसांनी पाठवलंय. नातू की काय त्याचा? नेव्हिल प्राउस — माझ्या आधीचा ऑपरेटर, आता नाव माहीत नसल्यासारखं तोंड करू नकोस. त्याला मुलगी झाली होती, माउंट आयझाच्या खाणीत गेल्यावर, एवढं माझ्या कानावर आलं होतं. पन्नास वर्षांनी हिशेब विचारायला आलात होय. तर ऐक. मी काही मुद्दाम केलं नाही. हे आधी लिही. एकोणीस वर्षांची होते, रिळं गुंडाळायचं काम माझं. रीळ चाललं की शेपटाकडून बाहेर येतं, ते उलटं गुंडाळून डब्यात घालायचं आणि डब्यावर चिकटपट्टीवर आकडा टाकायचा. रिळाच्या तोंडाशी छापलेला आकडा असतो, असतो ना, पण आमच्या गावाला सिनेमा पोचायचा तोवर अर्ध्या राज्यातून फिरून ती तोंडं झिजून तुटून गेलेली असायची. डब्यावरच्या माझ्या आकड्यावरच सगळा विश्वास. आणि त्या शुक्रवारी मी चौथ्या डब्यात पाचवं घातलं, पाचव्यात चौथं. झालं. पुरण्याचं रीळ आधी, चहाचं आणि खुनाचं नंतर. नेव्हिलला कसं कळणार? तो कोपरा बघत होता. त्यानं दोन्ही ठिपके बरोबर पकडले, एक क्षण पडदा पांढरा होऊ दिला नाही. माझ्या चुकीनं त्यात भूत घातलं आणि त्यानं ते लोण्यासारखं चालवलं.

तिथंच राहिलं असतं रे सगळं. लोक घरी गेले, दिवे लावून झोपले, गावाला वाटलं सिनेमाच तसा आहे. मी गुंडाळताना बघितलं तेव्हा अदलाबदल ध्यानात आली. गुपचूप दोन्ही डबे बदलले, नवी चिकटपट्टी लावली. शनिवारी खेळ बरोबर चालला, अगदी सरळ, मेली ती मेली. पण क्लॅरी बॉनर आला होता ना. क्लॅरी, नदीपलीकडचा ऊसवाला. बायको वारून सहा आठवडे झाले होते त्याची. शुक्रवारी ती पडद्यावर चहा करायला लागली तेव्हा तो उभा राहिला होता. टोपी काढून हातात धरली आणि तसाच उभा, मागचे कुणी बस म्हणाले नाहीत. शनिवारी तो पुन्हा आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, पहिली रांग. एकटा वाट बघत बसला होता आणि ती आलीच नाही. पुरली आणि संपलं. खेळ सुटल्यावर तो शिडी चढून वर आला, मी हातात रीळ घेऊन उभी, आणि तो नेव्हिलला म्हणतो, तिला का काढलं? ओरडला असता तर बरं होतं. नेहमीच्या आवाजात म्हणाला, दुकानात उसनं परत मागावं तसं — काल होती, आज का काढली? मग खाली जाऊन रडला, सगळ्यांसमोर, ग्रीव्हच्या कोटाला धरून. ग्रीव्हला लाज वाटली, आणि लाज वाटलेला मालक म्हणजे — तो चढला ना मग शिडी, चारांतली ती एक वेळ. काय झालं, कुणी केलं? नेव्हिलनं डब्यांकडं बघितलं. दोन डब्यांवर नवीकोरी पट्टी, अक्षर माझं. मग माझ्याकडं बघितलं. मी बोलले असते. दोन श्वास थांबला असता कुणी तर मी बोलले असते, असं मला रोज वाटतं, आणि रोज मला ते पटत नाही. नेव्हिल म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. ग्रीव्ह म्हणाला, चालता हो. आणि पुढच्याच दमाला म्हणाला, येत्या शुक्रवारी चालवणार कोण? — आणि मी म्हणाले, मी. नेव्हिल शिडीवर होता अजून. त्याचं डोकं दिसत होतं मला. ते खाली जायची वाटसुद्धा बघितली नाही मी. चार वर्षं ते मशीन मला हवं होतं, त्याच्या हाताकडं बघून मी सगळं चोरून शिकले होते, आणि तोंडातून निघून गेलं. तो थांबला. म्हणाला, डाव्या मशीनच्या दिव्याची कार्बनची कांडी लवकर जळते, लक्ष ठेव. एवढंच. पुन्हा त्यानं मशीनला हात लावला नाही म्हणतात. वारला तेव्हा पेपरात तीन ओळी आल्या होत्या, खाणकामगार म्हणून. खाणकामगार. त्या बोटांचा माणूस. मी ते कात्रण काही ठेवलं नाही, तू विचारशील म्हणून सांगते. आणि टाकीचा सिनेमा मी यादीत का घातला, तर तो आवडतो म्हणून. गावानं कधी एवढा घाबरलेला, एवढा गप्प सिनेमा बघितला नाही, आणि तो केला कुणी — त्यानं आणि मी. घरी जाऊन सांग तुझ्या आईला. सांग, म्हातारीनं सगळं ओकलं.

हे काय दाखवतोस? थांब, चष्मा लावते. ... लायसन्स. पत्ता रॉकहॅम्प्टनचा. मग आईचं माहेर? ... तेही तिकडंच. वडील रेल्वेत. माउंट आयझात कधी पाय ठेवला नाहीस. प्राउस कुणी नाहीच. मग कान — असतात रे कान कुणाचेही. पण मग सत्तरचं दोनदा का विचारलंस? ... सिनेमा मागवला. शनिवारपासूनच्या खेळांसाठी. तुम्ही लावून बघितला आणि त्यात ती परत येतच नाही, म्हणून वाटलं, चुकीची प्रत आली की काय. एवढंच. आणि थेल्मानं दुसरं काय विचारायला सांगितलं? ... पाटीवर मधलं नाव घालायचं का. कारागीर आजच कोरायला घेतोय.

बघ बाई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तर लिहून घे — प्रत चुकीचीच आलीय म्हणावं, सत्तरला दुसरा सिनेमा घाला, कुठलाही, मला विचारायची गरज नाही. आणि बाकीचं म्हातारीची बडबड, ऊन फार झालंय, राखेनं डोकं फिरतं माणसाचं. तू काही ऐकलं नाहीस. मधलं नाव नको. नुसतं डल्सी पॅस्को. कारागीर आजच कोरतोय म्हणालास ना, मग उशीर कशाला. हं, घे, डल्सी — पेन का खाली ठेवलंस? उचल. माझं नाव लिही. ... अरे, लिहीत का नाहीस?