दोन मिलिमीटर

मी उत्तम साळवे, केदारखेड्याचा. बाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचा, अन् मला म्हणायचा, बाबा, कोणतंबी काम कर पण सावलीत कर. म्हणून आयटीआय केलं अन् जालन्याला एमआयडीसीत आलो. सावली म्हणजे पत्र्याचं शेड. मे महिन्यात तिथली सावली उन्हापेक्षा बेकार, पण बापाला ते काय सांगायचं. सत्तावीस वर्षं झाली, पत्राच वाकवून राह्यलो.

आमच्याकडं बियाणं साफ करायच्या मशीनी बनतात. त्याचे पत्र्याचे झाकणं प्रेस ब्रेकवर वाकवायचे. सोपं करून सांगतो तुम्हाला. पत्रा पुढून आत सारायचा, मागं एक अडसर असतो, त्याला बॅकगेज म्हणतात, पत्रा त्याला टेकला की पेडल दाबायचं, वरचं पातं खाली येतं अन् पत्रा वाकतो. स्क्रीनवर पन्नास असलं की अडसर पन्नास मिलिमीटरवर उभा. अन् तो मोजतो कुठून? मशीन चालू केली की पहिल्यांदा मागं जाऊन एका बारक्या स्विचला शिवून येतो, तिथून त्याची मोजणी. स्विच जागचा हलला, मंग स्क्रीन काहीबी दाखवो, सगळं मोजमाप खोटं.

तर तो स्विच मी हलवला. मुद्दाम न्हाई. जाड पत्रा एकट्यानं, घाईत सारला, त्याची कड थेट स्विचच्या पट्टीवर बसली अन् पट्टी वाकली. मशीन बंद करून परत चालू केली, तर पहिलाच पीस पन्नासचा बावन्न आला. तवाच शेठला सांगायचं ना? न्हाई सांगितलं. साऱ्या एमआयडीसीत माझं नाव, अन् मी म्हणू काय, मी पत्रा आदळला? सॉफ्टवेअरमधी करेक्शनचं पान असतं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्यापाशी. तिथं वजा दोन टाकलं, पीस बराबर आला. अन् घरी जाताना ते परत शून्य केलं, कोणी पाहू नये म्हणून. रोज सकाळी टाकायचं, रोज जाताना पुसायचं. काय सांगू तुम्हाला, लपवायची सवय लागायला आठ दिवसबी लागत न्हाईत.

माझ्यानंतर दुपारपाळीला त्याच मशीनवर शोभा. पाच वर्षं पॅकिंगला होती, मला उत्तमदादा म्हणायची. मीच शिकवलं तिला, मशीन मिळाली तवा पेढेबी मीच वाटले. अन् तिचे झाकणं चुकायला लागले, भोकाला भोक मिळेना. सुपरवायझर हसायचा, काय बाई, पोळी गोल येती अन् पत्रा कसा चुकतो? ती म्हणे, साहेब, आमच्या घरी पोळ्या नवरा लाटतो, तुम्ही मशीन तपासा. सगळे हसले. मीबी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

ती मागं लागली म्हणून पुण्याहून इंजिनिअर बोलावला. तो आला सकाळी, माझ्या पाळीत. लॅपटॉप लावला, सगळं सॉफ्टवेअर पाह्यलं, अन् वजा दोन त्याला दिसलं. म्हणे, हे काय? मी म्हणलं, आमच्याकडचा पत्रा जाडीला कमीजास्त येतो, त्याच्यासाठी लागतं. त्यानं मान हलवली. पीस वाकवला, बरोबर पन्नास. म्हणे मशीन ठणठणीत आहे, ऑपरेटर पाहा तुमचा. दुसऱ्या दिवशी शोभा परत पॅकिंगला. आधी गप्प बसल्तो, ते एक वेळ भिऊन झालं म्हणा. पण त्या दिवशी मी तोंडानं खोटं बोललो, बिलकुल शांत आवाजात.

मंग ती एकदा जेवायच्या सुट्टीत आली, हातात तिचे चुकलेले पीस अन् टेप. एक एक मोजून दाखवला. म्हणे, दादा, सगळे दोननंच जास्त, एकबी दीड न्हाई, एकबी अडीच न्हाई. माझा हात चुकला असता तर इतका एकसारखा चुकला असता का? मी म्हणलं, बघतो. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की तिला कळलंय हे मला कळलं. तरीबी मी आठ दिवस गप्प. मंग शेठनं अजून दोघी शिकत होत्या त्यांनाबी काढलं, म्हणे बायांना मशीन नको. तवा मात्र स्विचची वाकलेली पट्टी खोलून हातात घेतली.

गेलो शेठकडं, सगळं सांगितलं. शेठ थंड. म्हणे, उत्तम, झालं ते झालं, स्विच बदलून टाकू, लोकांना सांगू सॉफ्टवेअर बिघडल्तं, तुझीबी इज्जत राहील. मी म्हणलं, न्हाई शेठ. सॉफ्टवेअरला कोणी पोळ्यांवरून हसलं न्हाई. तो म्हणे, बाहेर बोलला तर तुझी मशीन जाईल. म्हणलं, जाऊ द्या. अन् त्याच दिवशी सगळे जेवायला बसल्ते तिथं उभा राहिलो, वाकलेली पट्टी हातात धरून, अन् पुण्याच्या इंजिनिअरला काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. सुपरवायझर म्हणे, बस ना आता खाली. मी म्हणलं, तू हसल्ता तवा उभा होता, आता तूबी उभं राहून ऐक.

मशीन गेली माझी. आता पत्रा कापायला आहे. लोकं म्हणतात, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं. न्हाई बसलो, अन् परत विचारलं तरी न्हाई बसणार.

त्या दोघी परत शिकून राह्यल्या. शोभा मशीनवर आहे, पासवर्डबी तिच्यापाशी, अन् तिनं तो पाळीच्या सगळ्यांना सांगून टाकला. मला दादा म्हणत न्हाई आता. साळवे म्हणते. तो तिचा हक्क आहे, मी माफी मागितली, पण माफ कर असा हट्ट न्हाई धरला. तिचे हात सलामत राहोत, एवढंच.

तुम्ही म्हणले, लिहिताना नाव बदलून टाकतो. बदलू नका. साळवेच लिहा.