नागपूर-धानोरा, पाऊण घंटा

...अन् मी काही कोणाच्या घरात डोकावत नाई बापा, आमचं कुंपणच ठेंगणं हाये, त्याले मी काय करू? तुम्हाले सांगते, शेजारच्या कुंताबाईच्या नातवाचं बारसं बुडवलं ते विमानानं! विमानाले अडीच घंटे म्हणे!

कुंताबाईचा जावई, वारलू नाव त्याचं, मुंबईले लाकडाच्या शेठकडे कामाले. त्याचं कार्ड आलं... बाराव्या दिवशी सकाळी आठले विमानात बसतो, शेठनं तिकीट देल्लं, नागपूरले अडीच घंटे, पोराचं नाव मी घेऊन येतो, तोवर ठेवू नका. झालं! मनसाराम गुरुजीनं शाळेतला नकाशा आणला, त्याच्यावर बोटं मांडली. "मुंबई-नागपूर एक वीत, म्हणजे बारा बोटं. नागपूर-धानोरा तीन बोटं. बारा बोटांले अडीच घंटे, तं तीन बोटांले? धरा पाऊण घंटा! सव्वाअकराले जावई पाटावर!" हिशेब बरोबर होता हो, म्या बी मान हलवली, चौथी पास हावो मी!

अकराले वडे तळले. बारा वाजले, एक वाजला, आख्खं गाव आभाळाकडे मान करून उभं... एक घार आली तं गल्लीतली कलाबाई आरती घेऊन धावली! घार होती हो! सांजेपर्यंत वड्याचे गोटे झाले. बाया म्हणे, "ठेवून टाका न नाव." पण कुंताबाईची लेक चंदा, ओली बाळंतीण, पाळण्याची दोरी मुठीत धरून बसली. "नाई! त्याचा बाप नाव आणून राह्यला. तोवर बिननावाचा राहीन माहा बाबू." डोळे भरले पोरीचे. म्या कुंपणावरून म्हटलं, "रडू नोको व, विमानाले अडीचच घंटे लागते!" अजून रडली. माहं तोंडच असं!

अन् जावई खरंच साडेदहाले नागपुरात! विमान बोलल्यासारखं वागलं बापा. हे मले त्यानंच सांगितलं, म्या फक्त तीनदा इचारलं. मंग मूल गावापर्यंत छोटी रेल्वे, पुढं मोटर, ते चिखलात फसली, अन् वैनगंगेले पूर! दोन दिवस काठावर. हा तिकीट नाचवून राह्यला, "झिंगूभाऊ, चारशे मैल अडीच घंट्यात आलो मी!" डोंगेवाला झिंगू चिलीम ओढत म्हणते, "मंग उडून जा न पल्याड. डोंगा पाणी उतरल्यावर." तिथून गडचिरोली, तिथून बैलगाडी, अन् शेवटचे दोन कोस पायी, काऊन का बैल बसला!

सोळाव्या दिवशी आला, ढोपरापर्यंत चिखल. चंदा पाहतच राह्यली, मंग म्हणे, "वडे गरम करू का?" चार दिवसांनी हसली पोरगी. त्यानं पाळण्यात वाकून नाव सांगितलं... पवनकुमार!

पण तोवर गाव काय मुकं बसन? म्या कुंपणावरून एकदाच म्हटलं होतं हो, "काऊन व चंदा, अडीच झोपला का?" एकदाच! आता पोरगं शाळेत जाते, गुरुजी हजेरीत 'पवनकुमार, पवनकुमार' ओरडते, हा मान वळवत नाई. "अडीच" म्हणा, "आलो" म्हणते. अन् येते बी... बापावानीच, वड्याचे गोटे झाल्यावर.