उलटी बटणं

अहो वहिनी, लाईट गेलेली नाही, आमच्याकडे बटण वर करावं लागतं! आता हसलात ना, तर ऐकाच.

मलकपेठचा हा फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या ह्यांना एकच ध्यास, बँकेचं कर्ज लवकर फेडायचं. म्हणून घरातलं सगळं काम आम्हीच करायचं आणि वाचलेली मजुरी बँकेत भरायची. भिंती मी रंगवल्या. लाईटचे बोर्ड ह्यांनी बसवले, ते सगळेच्या सगळे उलटे! मी ओरडले, तर म्हणतात कसे, "दिवा लागतो ना?"

आमच्या प्रज्ञाच्या हाताला तेच वळण लागलं. मावशीकडे गेली की बटण वर करायची आणि ओरडायची, "मावशी, तुमची लाईट गेली!"

मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फिटलं. तोवर प्रज्ञा नोकरीसाठी कॅनडाला गेली होती. मी म्हटलं, आता तरी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो आला, बोर्ड बघून हसतच सुटला. "ये कौन लगाया साब? एक घंटे में सब सीधा कर देतूं."

त्यानं स्क्रू काढायला घेतला, तसा ह्यांनी त्याचा हात धरला.

"नक्को भाई, रहने दो. बेटी आई तो अंधेरे में टटोलती बैठेगी."

"अच्छा! कब आरे उनो?" त्यानं विचारलं, ती कधी येणार म्हणून.

हे उगाच बटण वर-खाली करत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ह्यांना चहा टाक ना."