पाटावरची बंदूक

माझं माहेर भुसावळकडचं म्हणायचं, पण भुसावळ मी पाहिलं दोनदाच, जन्म इथला, झाशीच्या रेल्वे क्वार्टरातला. बाबा शंटिंगला होते, डबे जोडायला दोन डब्यांच्या मधे शिरायचं काम. ड्रायव्हरनं हात दाखवला, कोणी हाँ हाँ भैया सब ठीक है म्हटलं, तरी बाबा आधी स्वतः वाकून बघायचे, मगच शिरायचे. सब ठीक है म्हणणाऱ्याचं काही जात नाही, मधे शिरणाऱ्याचा जीव जातो, असं जेवता जेवतासुद्धा सांगायचे. आता काय सांगू तुम्हाला, बाळकडूच ते. लोक मला शक्की म्हणतात ना, आहेच मी शक्की.

सासर मिळालं झाशीतलंच, दतिया गेटाजवळ. पेशव्यांच्या काळी कारभारी म्हणून आलेलं घराणं, सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, घरात जुनं मराठी आणि उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी. मामंजींच्या नावावर बंदुकीचं लायसन होतं, दुनाळी बंदूक. इकडे बंदूक म्हणजे इज्जत, वरातीत दोन बार निघाले नाहीत तर लोक विचारतात, मय्यत आहे की लग्न. खंडेनवमीला ती बंदूक बैठकीत पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर पेढे. आणि एकदा पुजली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, अशी घरची रीत.

त्या वर्षी पेपरात आलं की इंग्रजांच्या वेळचा हत्यारांचा कायदा जाणार आणि नवा येणार. धड कोणी वाचलं नव्हतं, पण दतिया गेटापासून समथरपर्यंत जो तो तेच सांगायचा, की म्हणे बंदूक भरून ठेवाल तर लायसन जाईल, म्हणे साहेब घरात येऊन तपासेल. मामंजी तर पेटलेच. सत्तावनच्या गदरनंतर गोऱ्यांनी घरोघरच्या तलवारी नेल्या, आता आपलेच बंदुका नेणार म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही सरकारचा भरवसा नव्हता. साहेब येणार, चहा पिणार, सब ठीक है लिहून जाणार, एवढंच होईल असं मला वाटायचं.

पण माझा खरा शक बंदुकीवर होता. उन्हाळ्यात बागी, म्हणजे दरोडेखोर, आलेत अशी हूल उठली तेव्हा मामंजींनी ती माझ्यादेखत भरली होती. भरताना मी पाहिली, रिकामी करताना कोणीच पाहिलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या मुलानं केली असेल, ह्यांना विचारलं तर म्हणाले बाबांनी केली असेल. आणि आमची शैला तेव्हा नुकती धावायला लागलेली, तिचा डोळा पेढ्यांवर, आणि पेढे कुठे, तर नळीच्या तोंडापुढे. मी मामंजींना म्हटलं, एकदा उघडून बघा ना. ते म्हणाले, पुजलेल्या हत्यारावर संशय घेतेस, सूनबाई? मी शैलाला उचललं, टांगा केला आणि माहेरी आले. ऐन खंडेनवमीला सून माहेरी, कल्पना करा तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले न्यायला. म्हणाले, अगं, मी बाबांच्या नकळत स्वतः उघडून बघितली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत, चल आता, सणाला शोभा नको. हे सगळं शैलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले हो. मी निघाले. पण टांग्यात ह्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला खटकत राहिलं.

घरी आलो तर बैठक भरलेली. लायसनवाले सगळे जमलेले, नव्या कायद्याविरुद्ध सरकारला अर्जी पाठवायची होती. मामंजी बोलत होते, आमच्या घरात तीन पिढ्या बंदूक आहे, आम्हाला कोण शिकवणार जबाबदारी. तेवढ्यात शैला माझा हात सोडून पाटाकडे धावली. मी पुरुषांच्या बैठकीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण गेले, तिला ओढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मामंजी, बंदूक उघडा. कोणी तरी मागून म्हणालं, बहू बड़ी शक्की है. मामंजींचं तोंड लाल झालं, रीत बाजूला ठेवून रागारागानं त्यांनी माळ काढली, कळ दाबून नळ्या वाकवल्या. डाव्या नळीतून काडतूस निघालं. कुंकू लागलेल्या बोटांत धरून ते बघतच राहिले. मी काडतूस नाही बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि हे जमिनीकडे बघत होते.

सह्या झाल्याच हो! काडतूस खिशात घालून मामंजींनीच पहिली सही केली. पुढे कायदाही आला, बंदुकाही राहिल्या, वरातीत अजून बार निघतात. मामंजी मात्र त्यानंतर दर खंडेनवमीला पूजेआधी मला हाक मारायचे, सूनबाई, ये, बघून घे.

पण ह्यांचं काय? बंदुकीची मला भीती वाटली होती, ह्यांचा राग आला, फार राग आला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले म्हणून. विचारलं तर म्हणाले, मला वाटलं रिकामीच असणार. त्यानंतर संसार झाला, दोन मुलं आणखी झाली, पण ह्यांच्या मी बघितलंय ह्या शब्दावर मी कधी विसंबले नाही. हे दाराला कुलूप लावायचे, मी मागून जाऊन ओढून बघायची. हे कधी चिडले नाहीत. पुढे पुढे तर कुलूप लावून आपणच म्हणायचे, लावलंय, जा, बघून ये. आयुष्यभर म्हणाले.

आता हे नाहीत. कुलूप मीच लावते, आणि जा, बघून ये म्हणणारं कोणी नाही, तेव्हा फार एकटं वाटतं. असो, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, देव तुम्हाला सुखी ठेवो. जाताना दार तेवढं नीट ओढून घ्या. नको, राहू द्या, मीच येते.