एका श्वासात किती शब्द

"हॅलो?… हो, मीच… बोल बाळ…"

पाव भाजता भाजता अण्णांनी चाळीस वर्षं भट्टीचा धूर गिळला होता. आता भट्टी बंद होती आणि धाप तेवढी उरली होती. मुलीचा फोन रोज दोन मिनिटांत आटपे. जेवलात का, दम्याचा पंप घेतलात का, झालं. आज मात्र ती खोदून खोदून जुनं विचारत होती. आई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काय म्हणाली? अण्णांचा जीव सुखावला.

"अगं, ऐक ना… पाव घेतला… उलटा केला… अन् म्हणाली… करपलाय हो… हो, हो… तोंडावरच म्हणाली…"

मग तिने हळूच पायांच्या सुजेचं विचारलं.

"सुजलेत थोडे… मोजे रुततात… छातीत?… जरा जड… सकाळपासून… दमच गं तो… चारदा घेतला… पंप… हॅलो?… आहेस ना?"

मग तिने कबूल केलं. अण्णा एका श्वासात किती शब्द बोलतात ते मोजत जा, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. रविवारी सात भरले होते, आज दोन-तीन. शिवाय या दुखण्यात हृदयही थकतं, तेव्हा छातीतलं जडपण दम्यावर ढकलू नका, असंही ते म्हणाले होते.

"म्हणजे… आईची गोष्ट… नको होती तुला?"

ती रडू लागली.

"अगं वेडे… श्वास मोजायचं काम… देवाचं… तू कुठे… मध्ये पडलीस?"

तिकडे जावयाने दुसऱ्या फोनवरून केव्हाच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. मागच्या खेपेला अण्णांनी ती गाडी दारातून परत पाठवली होती. ज्या दवाखान्यातून बायको परत आली नाही, तिथे पाय ठेवणार नाही म्हणाले होते.

"नाही गं… हट्ट नाही… जातो… तुझ्यासाठी जातो… रडू नकोस…"

दार आतून लावलेलं होतं. खुर्चीपासून कडी सहा पावलांवर. अण्णांनी तिकडे एकदा पाहिलं, लांबच्या गावाकडे पाहावं तसं.

"हो… सावकाश उठतो… नाही, नाही… फोन ठेवतो आता… भिंत धरायला… हात हवा…"