मान डोलावणारी माणसं

सानिका : नाही बाबा, त्यांचं काम फक्त हो म्हणायचं! उद्या ऑनलाइन वर्गात मला हेच प्रेझेंट करायचंय. मुसोलिनीचं फॅसिस्ट कौन्सिल.

विश्वास : एवढी मोठमोठी माणसं, नुसती मान डोलवायला?

सानिका : बैठक तोच बोलावणार, विषय तोच ठरवणार. ज्यूंविरुद्धच्या धोरणालाही ते हो म्हणाले. नंतर युद्ध आलं, तर त्यानं तीनेक वर्षं त्यांना बोलावलंच नाही.

विश्वास : आणि कुणी विचारलं नाही?

सानिका : हरायला लागले तेव्हा विचारलं. मग बहुतेकांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. टू लेट, ना? बाबा, तुमची मॅनेजर लोकांची मीटिंग पण तशीच असते?

विश्वास : ऑफिस आहे गं ते. इटली नाही.

पद्मजा : तिला काय सांगतोस? सरलाचा सकाळी फोन होता. तिचा नवरा हरीश अजून व्हेंटिलेटरवर. आणि आज तुम्ही सगळे मिळून ठरवणार, की त्याला लागण बाहेरून झाली.

विश्वास : डायरेक्टरचं म्हणणं आहे तसं. गोदामात झाली म्हटलं तर पॅकिंग बंद ठेवावं लागेल.

पद्मजा : पॅकिंगला त्याच्या शेजारी खोकणारे तिघं होते, तूच म्हणालास.

विश्वास : होते. कामावर या, असं सांगितलं होतं त्यांना. पण पद्मजा, आपलं या देशात राहायचं परमिट याच नोकरीवर आहे. उद्या काढलं तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, या लॉकडाउनमध्ये. नाहीतर बॅगा भरायच्या.

पद्मजा : माहीत आहे मला. म्हणून तर सरलाला काय बोलू, सुचेना.

सानिका : बाबा, सगळे जॉइन झालेत. तुझा लॅपटॉप वाजतोय.

(मीटिंग संपून तासाभरानं, त्याच टेबलाशी.)

पद्मजा : काय ठरलं?

विश्वास : एकेकाला विचारलं. सगळे 'अकॉर्ड' म्हणाले, म्हणजे मान्य. मी 'नाही' म्हणालो.

सानिका : मग?

विश्वास : मग काही नाही. डायरेक्टर 'थँक यू' म्हणाला नि पुढचा विषय घेतला. उद्या पॅकिंग सुरूच.

पद्मजा : म्हणजे बोलून उपयोग शून्य. आणि आता तू त्याच्या डोळ्यांवर.

विश्वास : हो. म्हणून मग आरोग्य खात्याला फोन केला. त्या तिघांचंही सांगितलं. तिथली बाई म्हणाली, निनावी तक्रार चालेल.

पद्मजा : निनावीच केलीस ना?

विश्वास : निनावी केली तर पुन्हा विचारायचं कुणाला त्यांनी? नाव दिलं. तिला आडनाव कळेना, म्हणून एकेक अक्षर सांगत बसलो.